दुखण्याचं इंग्रजी

शारजातल्या आमच्या बिल्डिंगखाली सकाळी सहाच्या सुमाराला व्हॅन येते. दार सरकतं आणि आत आधीपासून बसलेला कोणीतरी विचारतो, “आज काय दुखतंय?” नवीन माणूस गांगरतो. आपला चेहरा एवढा उतरलाय का, अशी त्याला शंका येते. मग त्याला सांगावं लागतं की हा या व्हॅनचा रिवाज आहे. काहीतरी एक दुखणं सांगायचं आणि मग बसायचं. “काही नाही” हे उत्तर चालत नाही. रिवाज कोणी पाडला, हे मात्र आम्ही सांगत बसत नाही. ती गोष्ट सांगायला घेतली तर आमची ऑफिसं आहेत ते दुबईतलं सिलिकॉन ओएसिस आलं तरी संपत नाही, आणि आमच्या रस्त्याला रोज जॅम किती असतो हे ज्यांनी भोगलंय त्यांना गोष्टीच्या लांबीचा अंदाज येईल.

रिवाज पाडला बाईने. आता ती दुबईतच अल बर्शात राहते, मेट्रोने फिरते आणि आम्हाला विसरलेली नाही. पण जी काही वर्षं ती आमच्या व्हॅनमध्ये होती, त्या वर्षांत रोजचे येऊन-जाऊन तीन तास मला कधी फुकट गेल्यासारखे वाटले नाहीत. हे मी माझ्या नवऱ्याबद्दलही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

बाई कोलंबियाची. मानिसालेस नावाचं डोंगरातलं शहर आहे, तिथली. चाळिशीची, बुटकी, खांद्यांनी रुंद, आणि पायांत बारा महिने केशरी मोजे. तिच्या शहरातले रस्ते म्हणे इतके उभे, की देवाने ते फिजिओथेरपिस्ट लोकांची पोटं भरावीत म्हणूनच केले. तिचं नाव भलतंच लांब होतं. आमच्या ड्रायव्हर चाचांनी पहिल्या दिवशी ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाय, बस.” चाचा रत्नागिरीकडचे, त्यांच्या तोंडी ‘बाय’ म्हणजे घरातली लेक किंवा बहीण. हा माणूस आपण चढताना रोज इंग्रजीत ‘बाय’ म्हणून निरोप का घेतो, असं कोडं तिला काही दिवस पडलं होतं. आम्ही बाकीचे तिला बाई म्हणायला लागलो. बाकीचे म्हणजे कोण, तर मी आणि मागच्या सीटवर डोळे मिटून बसणारा केरळचा एक अकाउंटंट. येणारे-जाणारे इतरही असायचे, पण टिकून राहिलेले आम्हीच.

गावी बाई नावाजलेली फिजिओथेरपिस्ट होती. इथे सिलिकॉन ओएसिसमधल्या एका क्लिनिकमध्ये असिस्टंट होती. म्हणजे शेकायच्या पिशव्या गरम करायच्या, पलंग पुसायचे, पेशंटला व्हीलचेअरवरून आणायचं. डिग्रीचे कागद झाले होते, लेखी परीक्षा झाली होती, अडलं होतं ते फक्त बोलण्यावर. क्लिनिकची अट होती की दोन मोठ्या डॉक्टरांसमोर एक पेशंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत इंग्रजीत तपासून दाखवायचा. ते जमलं की थेरपिस्टची जागा. आणि थेरपिस्टच्या पगारावर मुलीचा व्हिसा होत होता, असिस्टंटच्या पगारावर होत नव्हता. मुलगी मानिसालेसला आजीजवळ होती, आणि आजी आता जिना चढताना भिंत धरायला लागली होती. बाई हे सगळं पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी झाली. पुन्हा कधी तिने त्यावर उसासा टाकला नाही. फक्त रोज सकाळी विचारायची, “मला शब्द द्या.”

शब्द म्हटल्यावर मी पुढे सरसावले. माझं शिक्षण पुण्यात, मराठी माध्यमात. त्यामुळे इंग्रजी शब्दांवर माझं प्रेम जरा जास्तच. वडील सकाळी डिक्शनरीतला एक शब्द फेकायचे आणि रात्री तो वाक्यात वापरून दाखवल्याशिवाय ताटात आमटी पडायची नाही. असे कित्येक शब्द मी आमटीपायी पाठ केले. पुढे परचेस डिपार्टमेंटमध्ये नोकरी लागली आणि तिथे त्यांना कोणी विचारेना. माझी लेक तर तोंडावर सांगते, “आई, नोबडी सेज दॅट.” तेव्हा इतक्या वर्षांनी गिऱ्हाईक मिळाल्याचा मला केवढा आनंद झाला असेल.

मी सुरुवातच दमदार केली. लॅक्रिमोस, म्हणजे रडवेला. बाईने हात झटकला. “लाक्रिमोसो. हा आमच्या स्पॅनिशचाच. पुढचा.” सोम्नोलंट, म्हणजे पेंगुळलेला. “सोम्नोलिएंतो,” ती म्हणाली आणि मागे अकाउंटंटकडे बोट दाखवलं. टॅसिटर्न, लोक्वेशस, एडिफिस, सगळे तिच्या घरचेच निघाले. थोडा उच्चार बदलला की झालं, तिची आजी म्हणे हे शब्द भाजी निवडताना वापरायची. एक फ्लायओव्हर चढून उतरेपर्यंत माझी वडिलोपार्जित पुंजी संपली.

मग तिने विचारायला सुरुवात केली. चालता चालता गुडघा अचानक दगा देतो, त्याला काय म्हणतात? पायाला मुंग्या येतात, त्याला? खांदा दुखत नाही, पण हलवावासा वाटत नाही, त्याला? मी म्हटलं, पेन. तिन्हीला? तिन्हीला. पेन इन द नी, पेन इन द लेग, पेन इन द शोल्डर. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आठवली की मला अजून हसू येतं. मोठे शब्द तिच्याकडेही होते आणि माझ्याकडेही होते. छोटे दोघींकडेही नव्हते.

एवढं कळूनही आम्ही माती खाल्लीच. परीक्षा जवळ आली तशी व्हॅनभर एकच उत्साह संचारला. परीक्षा म्हटली की परीक्षकावर छाप पडली पाहिजे, हे आपल्याकडे लहानपणापासून रक्तात मुरलेलं असतं. मी तिच्याकडून वक्तृत्व स्पर्धेसारखी तयारी करून घेतली. अकाउंटंटनेही डोळे उघडून दोन भारदस्त वाक्यं दिली आणि पुन्हा मिटले. चाचा आरशातून बघत होते आणि म्हणत होते, बोलते झक्कास.

पेशंट म्हणून आल्या एक निवृत्त इंग्रज शिक्षिका. बाईने आमच्या तालमीतलं वाक्य टाकलं, “काइंडली कमेन्स द नॅरेशन ऑफ युअर मॅलडी.” शिक्षिका आधी दचकल्या, मग हसल्या, मग साध्या भाषेत म्हणाल्या की माझा गुडघा मधेच ‘गिव्ह्ज वे’. दोन चिमुकले शब्द. बाईला दोन्ही सुटे सुटे येत होते, जोडीने येत नव्हते. तिने मान डोलावली आणि त्यांना नेमकं त्याच पायावर उभं राहायला सांगितलं. गुडघ्याने दगा दिला. शेजारच्या डॉक्टरने धरलं म्हणून त्या पडल्या नाहीत.

क्लिनिकने निरोप दिला तो सरळ होता. उन्हाळा संपल्यावर आणखी एकदा संधी. तेव्हाही जमलं नाही तर असिस्टंटचं कंत्राट वाढणार नाही. कंत्राट नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर मानिसालेस. त्या संध्याकाळी बाई खिडकीशी बसून राहिली. चाचांनी वाटेत गाडी थांबवून सगळ्यांसाठी चहा आणला. त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मी मुकाट्याने चहात बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार सरकलं तर बाई ताठ बसलेली. तिचा स्टॉप पहिला. मी पाय ठेवते न ठेवते तोच तिने विचारलं, “आज काय दुखतंय?” मी सवयीप्रमाणे काही नाही म्हटलं. तिने दार धरून ठेवलं आणि मला आत घेईना. “काही दुखत नाही म्हणणारा एक तर मेलेला असतो, नाहीतर खोटं बोलत असतो. दोघांनाही या गाडीत जागा नाही.” मागच्या गाड्या खोळंबल्या. मी घाईघाईने मान म्हणाले. कशी? कुठून कुठपर्यंत? वळवताना की वळवून झाल्यावर? तिथून तो रिवाज सुरू झाला. मोठे शब्द पुस्तकात मिळतात, ती म्हणाली, छोटे शब्द माणसांकडे मागावे लागतात.

मागितलेलं ती फुकट घेत नसे. ज्याने दुखणं दिलं त्याच्यासाठी जॅममध्ये व्यायाम. मान दुखते, तर सगळी व्हॅन मान वळवणार, कारण एकट्याला लाज वाटते असं तिचं मत. शारजा-दुबईच्या थ्री-इलेव्हन रोडवर चारी लेन ठप्प झालेल्या असायच्या आणि आमच्या व्हॅनमधली सगळी डोकी एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे. शेजारच्या गाडीतली मुलं आमच्याकडे बघून तसंच करायला लागायची.

शब्द मिळाला की ती लिहून ठेवत नसे. अंगावर ठेवायची. शब्दशः. स्टिफ हा शब्द मानेच्या मागे, सोअर उजव्या दंडावर, नम्ब डाव्या करंगळीत, थ्रॉबिंग कानशिलावर. नवा शब्द आला की ती त्याला अंगावरची एक मोकळी जागा शोधून देई, तिथे बोट टेकून दोनदा म्हणे, की झाला तो तिचा. संध्याकाळी परतताना डोक्यापासून पायापर्यंत उजळणी चाले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की हिला ढेकूण चावतायत. माझ्या नवऱ्याने एकदा तिला पार्किंगमध्ये असं चाचपडताना पाहिलं आणि घरी येऊन मला हळूच विचारलं, तुमच्या त्या बाईंचं सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, अभ्यास करतीये.

इंग्रजी शब्द सापडेपर्यंत जागा अडवून ठेवायला तिला कुठल्याही भाषेतला शब्द चालायचा. एकदा माझी कंबर धरली. मी व्हॅनमध्ये चढता चढता कण्हले आणि तिने ‘बॅक पेन’ हे उत्तर धुडकावून लावलं. मग मी वैतागून मराठीत सुरू झाले. पेन नाही ग बाई, उसण भरलीये. हा ठणका नाही, ठणका दाताला. ही कळ नाही, कळ पोटात येते. चमक निघते ती वेगळी, रग लागते ती वेगळी, आणि शिणवटा म्हणजे यातलं काहीच नाही, तरी उठवत नाही. हे मी बोटं मोजत सांगत गेले तसे तिचे डोळे मोठे होत गेले. एवढी दुखणी तुझ्याकडे आहेत आणि तू मला पेन देत होतीस? मला एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. आमटीसाठी पाठ केलेल्या शब्दांनी जे दिलं नव्हतं ते माझ्या आजीच्या कण्हण्या-कुंथण्यातल्या शब्दांनी दिलं. बाईने ते सगळे अंगावर घेतले आणि क्लिनिकमध्ये पेशंट दुखणं सांगायला लागले की एकेकाचा इंग्रजी जोडीदार हुडकून आणायला लागली. ठणक्याचा थ्रॉबिंग असाच सापडला. उसण मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. माकडहाडाच्या थोडं वर बोट टेकून ती म्हणायची, ही जागा तुझी.

तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा होती. ती माणसांचे चेहरे बघत नसे, चाल बघत असे. एकदा मॉलमधल्या सुपरमार्केटमध्ये एक उंचापुरा पठाण ट्रॉली ढकलत चालला होता. तो लंगडत होता, पण असा लंगडत होता की त्याचं इंग्रजी तिच्याकडे नव्हतं. झालं, बाई त्याच्या मागे. तो मसाल्यांकडे, ही मसाल्यांकडे. तो साबणांकडे, ही साबणांकडे. मी तांदळाच्या पोत्यांआड उभी राहून आपण हिला ओळखत नाही असा चेहरा केला. शेवटी तो वळला आणि त्याने विचारलं काय हवंय. हिने त्याची चाल त्यालाच करून दाखवली आणि विचारलं, याला काय म्हणतात? आता राडा होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तर तो पठाण खाली बसून पँट वर करून घोटा दाखवत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने ‘लंगडा’ दिला, ट्रकचा अपघात कसा झाला ते हातवारे करून सांगितलं, आणि जाताना आमच्या ट्रॉलीत खजुराचा एक डबा टाकून गेला. कितीतरी दिवस बाईच्या डाव्या टाचेवर ‘लंगडा’ होता.

या सगळ्यात दाद देत नव्हते ते फक्त चाचा. आज काय दुखतंय? अल्लाचा करम, सगळं बरं. हे उत्तर चालत नाही म्हटल्यावर त्यांनी पळवाट काढली. माझं काय नाय, गाडीचं दुखतंय. बाईला तेही चाललं. मग रोज गाडीचं दुखणं यायला लागलं. आज डावा आरसा वर जात नाय. आज खाली कायतरी घासतंय. सकाळी थंड असताना जॅम होते, चालली की सुटते. गॅरेजचं इंग्रजी चाचांना पक्कं; ग्राइंडिंग, लॉक, लूज, वॉर्न आउट असे शब्द ते स्टेअरिंगवर बोट आपटत द्यायचे. बाई ते गुडघ्याभोवती ठेवायची, कारण गुडघा आणि गाडी यांत तिला फारसा फरक दिसत नसे. मला वाटायचं, म्हातारा बाईची चेष्टा करतोय. बाईलाही तसंच वाटत असावं.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी चाचा पेढे घेऊन आले. गाडीचं वर्षाचं पासिंग झालं होतं. तपासणाऱ्याने गाडी वरखाली, आतबाहेर सगळी बघितली आणि एकही फॉल्ट निघाला नाही, हे त्यांनी शारजातून बाहेर पडेपर्यंत निरनिराळ्या प्रकारे सांगितलं. आम्ही पेढे खाल्ले. बाईने पेढा हातात तसाच धरला होता. जॅममध्ये गाडी थांबली तशी ती पुढे वाकली.

“चाचा, डावा आरसा वर जात नाही म्हणाला होतात.”

“गाडीचं तसंच असतंय. कधी जातो, कधी नाय.”

“हात वर करा.”

चाचांनी उजवा हात वर केला.

“डावा.”

डावा हात स्टेअरिंगवरच राहिला. अकाउंटंटचेही डोळे उघडे होते. म्हणजे घासत होते ते चाचांचे गुडघे होते, सकाळी जॅम होत होती ती त्यांची कंबर होती, आणि इतके महिने हा माणूस रोज खरं दुखणं सांगत होता, फक्त गाडीच्या नावावर. चाचा समोर बघत मला म्हणाले, “वैनी, तिला सांग. ड्रायव्हरचा खांदा गेला म्हटलं तर उद्या माझ्या गाडीत बसणार कोण?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. शब्द सगळे छोटेच होते.

“मी बसेन,” बाई म्हणाली. “आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बसाल.”

त्यानंतर सुट्टीच्या सकाळी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, खांबाच्या सावलीत, चाचांचा खांदा सुरू झाला. भिंतीवर बोटांनी चढायचं, काठी धरून हात वर न्यायचा. चाचा कुरकुरायचे, बाई ऐकायची नाही. उन्हाळा सरत आला तेव्हा त्यांचा डावा हात कानाच्या वर गेला, आणि त्यांनी तो सगळ्या वॉचमन लोकांना दाखवला. मला तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं की या बाईचं इंग्रजी आता अडणार नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही कोणी तिला काही शिकवलं नाही. मी तोंड मिटून बसले, आणि माझ्या ओळखीच्या लोकांना विचारा, ही सोपी गोष्ट नाही. चाचांनी तिला क्लिनिकच्या दारात सोडलं आणि म्हणाले, “बाय, इन्शाल्ला.” दिवसभर ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. एका सप्लायरला मी दोनदा तीच ऑर्डर पाठवली.

पुढचं तिने आम्हाला संध्याकाळी सांगितलं, सगळ्यांची सोंगं करत.

पेशंट होता एक निवृत्त इंग्रज इंजिनियर. लांबोडका, हाताची घडी घातलेला. गुडघा कसा आहे? फाइन. जिना चढताना? फाइन. रात्री? फाइन. दोन्ही डॉक्टर कागदावर पेनं टेकवून बसलेले. बाई म्हणाली, माझ्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत शब्द उभे होते आणि हा माणूस मला एकही वापरू देत नव्हता. आपली मुलगी, आईचा जिना, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तिला त्याच्या खिशाबाहेर लोंबणारी गाडीची किल्ली दिसली, आणि तिला चाचा आठवले.

तिने विचारलं, “सर, तुमची गाडी कुठली?”

डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारा मात्र खुलला. जुनी जीप, वाळवंटात न्यायचा. काय होतंय तिला सध्या? घासते. कधी लॉक होते. चढावर ठीक, उतारावर जास्त. बाई प्रत्येक शब्दाला मान हलवत होती, कारण सगळे तिच्या गुडघ्याभोवती आधीच बसलेले होते. मग तिने आवाज खाली आणला आणि विचारलं, “आणि गुडघा? तोही उतारावरच जास्त?”

म्हाताऱ्याने हाताची घडी सोडली. म्हणाला, घासतो. सकाळी लॉक होतो. आणि परवा जिन्यात, बायकोसमोर, ‘इट गेव्ह वे’.

तेच दोन शब्द. या वेळी बाईने त्याला उभं करण्याआधी त्याच्या कोपराखाली आपला हात दिला. मग जवळजवळ तासभर त्या दोघांचं बोलणं चाललं, आणि शेवटी म्हाताऱ्याने डॉक्टरांना विचारलं की पुढच्या वेळेलाही हीच मिळेल का.

हे सांगण्याआधी ती क्लिनिकच्या दारातून केशरी मोजे उडवत धावत आली होती, तेव्हाच आम्ही समजलो होतो. चाचांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. इथे असा हॉर्न कोणी वाजवत नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. वाजवणारा हात डावा होता. अकाउंटंटने त्याच्या भाषेत काहीतरी मोठ्याने म्हटलं. मला माझ्या स्वतःच्या प्रमोशनचा एवढा आनंद झाला नव्हता, आणि मी रस्त्यातच बाईला मिठी मारली. त्या दिवशीचा जॅम कधी सुटला ते आम्हाला कळलंही नाही.

मुलीचा व्हिसा झाला तसं चाचांनी जाहीर केलं की एअरपोर्टला टॅक्सी जाणार नाही, व्हॅन जाईल. रविवारी सकाळी आम्ही सगळे गेलो. अकाउंटंट इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मुलगी बाहेर आली ती बाईसारखीच रुंद खांद्यांची, पाठीवर भली मोठी सॅक. आईच्या कमरेला तिने जी मिठी घातली ती बराच वेळ सुटली नाही. नेमकी उसणीच्या जागी तिची बोटं गुंफलेली होती. आम्ही सगळे छताकडे, जाहिरातींकडे, कुठेतरी बघत राहिलो. मग तिने डोळे पुसले आणि शाळेत पाठ केलेलं वाक्य मला म्हणून दाखवलं, “आय एक्सप्रेस माय इन्फिनिट ग्रॅटिट्यूड.” बाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हिला हे मी शिकवलेलं नाही.

परतताना मुलगी आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. रविवार असल्यामुळे रस्ता मोकळा होता. माझ्या लक्षात आलं की इतके महिने ही बाई आम्हाला रोज विचारत आली, पण तिला उलट कोणी कधी विचारलं नव्हतं. पहिल्या स्टॉपवर चढणाऱ्याला विचारणार कोण?

मी मागे वळले आणि विचारलं, “बाई, आज काय दुखतंय?”

तिने प्रश्न मनावर घेतला. मोकळ्या हाताने ती सुरुवातीपासून निघाली. कानशील, मान, दंड. ज्या खांद्यावर मुलीचं डोकं होतं तो तिने अलगद वगळला. मग कोपर, कंबर, दोन्ही गुडघे, आणि शेवटी वाकून केशरी मोज्यांतली टाच. जिथे जिथे शब्द ठेवले होते तिथे तिथे तिने चाचपून पाहिलं. आम्ही वाट बघत होतो.

“काही नाही,” ती म्हणाली.

मी आणि अकाउंटंट एकदमच म्हणालो, चालत नाही. नियम तिचाच होता. बाई हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मुलगी जागी होऊ नये म्हणून ती हलत नव्हती. चाचांनी आरसा डाव्या हाताने जरा खाली केला, त्यात तिच्याकडे नीट पाहिलं आणि आमच्या दोघांचं म्हणणं फेटाळून लावलं.

“आज चालतंय, बाय,” ते म्हणाले.